परवडणारी वाईन आणि आपली द्राक्षबाग

पिंपरी-चिंचवडहून चाकणमार्गे राजगुरुनगरला या. वाटेत ‘वाईन शॉप’ अशा पाट्या पुष्कळ दिसतील. आत मात्र वाईन कुठेतरी कोपऱ्यातल्या फळीवर धूळ खात पडलेली असते. आपल्या खेड, आंबेगाव, जुन्नरची पोरे चाकणच्या कंपन्यांत कामाला आहेत. त्यांतली काही आता विचारतात, “साहेब, द्राक्षातलं तुम्हाला कळतं. मग कमी पैशात बरी वाईन कुठली, तेही सांगा की!”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला घ्यायचीच आहे, त्याचे पैसे वाया जाऊ नयेत. आणि शेतकरी बंधूंनो, या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या द्राक्षाचा भावही दडलेला आहे.

आधी बाटलीचे बघू. जितकी जुनी तितकी चांगली, हा समज सोडा. लाकडी पिंपात मुरवलेल्या मोजक्या महाग वाईनबाबत ते खरे असेल. साधी वाईन स्टीलच्या टाकीत तयार होते आणि ताजीच प्यायची असते. बाटलीवर द्राक्षतोडणीचे साल असेल तर ते वाचा. पांढरी एक-दोन वर्षांतली, लाल दोन-तीन वर्षांतली घ्यावी. बियाण्याच्या पिशवीवर आपण वाण बघतो, तसे इथेही वाण बघा. शेनिन ब्लाँ, सोविन्याँ ब्लाँ, शिराझ, कॅबरने सोविन्याँ असे नाव असेल तर आत काय आहे ते निदान कळते. ‘पोर्ट’ लिहिलेली गोड वाईन स्वस्त मिळते. पण साखरेखाली पुष्कळ दोष झाकले जातात. फिरकीचे झाकण आहे म्हणजे माल हलका, असेही नाही.

आणखी एक. दुकानात उन्हाच्या तिरपीत उभी ठेवलेली बाटली घेऊ नका. उन्हात ठेवलेल्या दुधाचे जे होते, तेच वाईनचे होते, फक्त सावकाश. परदेशी नावालाही भुलू नका. बाहेरच्या वाईनवर केंद्राचा आयातकर वर्षानुवर्षे दीडशे टक्के राहिला. म्हणजे पैसा वाईनपेक्षा कराला जास्त गेला. नाशिक, सोलापूर, पुणे जिल्ह्यांतल्या द्राक्षाची बरी वाईन आजही तीन आकडी किमतीत मिळू शकते.

आता शेतीच्या पानावर हे कशाला, असे कोणी म्हणेल. त्यासाठी नारायणगावची आठवण काढावी लागेल. 1980 च्या दशकात इंडेज कंपनीने तिथे वायनरी उभी केली. तिची फसफसणारी वाईन ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात गेली. पुढे 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. वायनऱ्या वाढल्या, त्यांच्यामागे वाईनच्या द्राक्षाच्या बागाही वाढल्या.

पण ही वाईन विकत कोण होते? मोठी हॉटेले आणि पर्यटक. 2008 साली जगात मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. टाक्या भरलेल्या राहिल्या आणि पुढच्या हंगामात द्राक्षाला गिऱ्हाईक उरले नाही. इंडेजही कर्जात बुडाली. थॉमसनला भाव पडला तर बेदाणा तरी करता येतो. वाईनचे द्राक्ष बारीक मण्याचे, बियांचे. ते ना बाजारात चालते, ना बेदाण्याला. वायनरीने नाही म्हटले की संपले. नाशिककडे अनेकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली, ती यामुळेच.

माझे म्हणणे एवढेच, की जो धंदा फक्त बड्या हॉटेलांवर उभा राहतो तो शेतकऱ्याला कधीही तोंडघशी पाडू शकतो. कंपनीतला कामगार, शाळामास्तर, छोटा दुकानदार यांना परवडेल अशी प्रामाणिक वाईन निघाली, तरच बागेला कायमचे गिऱ्हाईक मिळेल. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के वायनरीला परत देण्याची तरतूद झाली. जनतेच्या पैशातून सवलत मिळत असेल, तर तिचा काही वाटा बाटलीच्या किमतीत आणि काही शेतकऱ्याच्या दरात उतरला पाहिजे. हे मागायला आपण लाजू नये.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक सांगायचे आहे. 27 जानेवारी 2022 रोजी सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, विरोध झाला आणि तो बारगळला. तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हेच’ असेही बोलले गेले. हिशेब करून बघा. 750 मिलीच्या 13 टक्क्यांच्या बाटलीत सुमारे 97 मिली शुद्ध मद्य असते. व्हिस्कीच्या 180 मिली क्वार्टरमध्ये ते सुमारे 77 मिली. म्हणजे अख्खी बाटली एका बैठकीत संपवणारा क्वार्टरवाल्यापेक्षा जास्तच पितो! ज्या गावांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्या मायबहिणींना द्राक्षाच्या नावाखाली फसवू नका. पीत नाही त्याने शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून सुरू करण्याची काही गरज नाही. घेणाऱ्याने मात्र जेवणासोबत एखादा पेला घ्यावा, बूच लावून बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. ती दोन-तीन दिवस नीट राहते. गाडी चालवायची असेल तर तोही पेला नको.

आणि बागायतदारांनो, कोणी वायनरीवाला रोपे घेऊन दारात आला, तर आधी लेखी करार मागा. दर, गोडीचा अंश, उचल करण्याचा दिवस, पैसे देण्याची मुदत, सगळे कागदावर हवे. त्याला एक प्रश्नही विचारा, “तुमची सगळ्यात स्वस्त बाटली कोण घेतो?” याचे उत्तर त्याला देता आले नाही, तर आपली थॉमसन बरी.