हक्काच्या वाचक कोण?

आपलं त्रैमासिक छापणं बंद करून ते ई-मेलनं पाठवावं, असा प्रस्ताव गेल्या बैठकीत आला. कागद महागला, टपाल महागलं, हे खरंच आहे. शिवाय ई-मेलची यादी आपल्या हातात राहते, फेसबुकच्या मर्जीवर राहावं लागत नाही, आणि दर पंधरवड्याला लिहीत राहिलं की निष्ठावान वाचकवर्ग तयार होतो, असंही सांगण्यात आलं. यादीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. भांडण आहे ते त्या ‘निष्ठावान’ शब्दाशी. (निष्ठा आजवर बाईकडूनच मागितली गेली, म्हणूनही असेल.)

यादी ही काही संगणकाची देणगी नव्हे. १८९८ च्या टपाल कायद्यात नियतकालिकाला सवलतीचा दर हवा असेल तर वर्गणीदारांची खरी यादी लागत असे, आणि दोन अंकांत ३१ दिवसांहून जास्त अंतर चालत नसे. म्हणजे आपल्यासारखी त्रैमासिकं मुळातच बाहेर. तो कायदा २०२४ मध्ये गेला, पण यादी राखायची सवय आपल्याला जुनी आहे. विद्याताई बाळांनी ऑगस्ट १९८९ मध्ये पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. त्या जानेवारी २०२० मध्ये गेल्या, मासिक थांबलं नाही. वाचणाऱ्या बाईला तिथं लिहायलाही जागा आहे, हे त्याचं मोठं कारण आहे असं मी मानते.

आता आपल्या यादीकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांत स्वतः वापरता येईल असा मोबाईल ५४ जणींकडे होता, आणि इंटरनेट एकदा तरी वापरलेल्या होत्या अवघ्या ३३. पेठ, सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या बाईचा ई-मेल कुणी उघडून दिलेला असतो? मोबाईल विकणाऱ्या दुकानदारानं, नाहीतर मुलानं. पासवर्ड त्याच्याकडे. नवऱ्याच्या हातात फोन असताना पडद्यावर ‘मारहाण होत असेल तर काय कराल’ असं शीर्षक झळकलं, तर त्या रात्री तिचं काय होईल, याचा विचार प्रस्तावात कुठेही नाही.

टपाल सुरक्षित होतं असं मी म्हणत नाही. सासूनं फोडलेली पाकिटं आपण विसरलेलो नाही. म्हणून तर आपले अंक घरी न जाता अंगणवाडीच्या ताईंकडे जातात. तिथं एकजण वाचते, आठ-दहाजणी ऐकतात, मध्येच एखादी म्हणते, “हे खोटं आहे, आमच्याकडे असं होत नाही.” ई-मेलच्या अंकात एक न दिसणारं चित्र दडवता येतं, ते अंक उघडल्याची खबर पाठवणाऱ्याला देतं. त्यावरून आकडे निघतात, तक्ते होतात, देणगीदारही खूश होतात. ऐकणाऱ्या त्या आठ-दहाजणी मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

मागच्या वर्षी एक अंक आपण ई-मेलनं पाठवून पाहिला. भरभरून उत्तरं आली, सगळी कुणाची? दुसऱ्या संस्थांमधल्या कार्यकर्त्यांची. माझ्यासारख्या, समाजकार्याची पदवी घेतलेल्या, टेबलाशी बसलेल्या. आपणच आपल्याला लिहायचं, आपणच वाहवा करायची, आणि त्याला वाचकवर्ग म्हणायचं?

ई-मेलला माझा विरोध नाही. शहरातल्या, परगावी गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींना तो जरूर जावा, शीर्षक साधं ठेवून, उघडल्याची हेरगिरी न करता. छपाई मात्र थांबवू नये. टपालखर्चासाठी आपण पगारदारांनी दुप्पट वर्गणी भरावी, माझी मी या अंकासोबत देत आहे. आणि गटांतून आलेली पत्रं मागच्या पानावरून पुढं आणावीत. सुरगाण्याच्या गटाचं पत्र, आपल्या रेशनवरच्या लेखातल्या चुका दाखवणारं, दोन अंक कपाटात पडून आहे. ते आधी छापा.