वजीर द्यायचा की ठेवायचा?

बॉसला 'नाही' म्हणणं एकवेळ सोपं, पण समोरच्याने आपल्या वजिरासमोर वजीर आणून उभा केला की भल्याभल्यांना घाम फुटतो. मारू? त्याला मारू देऊ? की गुपचूप बाजूला सरकू?

आमच्या जळगावात हा प्रश्न फक्त रिटायर्ड काकांच्या कट्ट्यावरचा नाही बरं का! २०१३ ची राष्ट्रीय प्रीमियर बुद्धिबळ स्पर्धा याच गावात झाली आणि कृष्णन शशिकिरण चॅम्पियन ठरला. म्हणजे भरीत-पुरीच्या गावाला वजिराचंही वावडं नाही.

माझा मावसभाऊ धुळ्यात नोकरी करतो. शनिवारी रात्री आमचा जळगाव विरुद्ध धुळे असा ऑनलाइन डाव ठरलेला. त्याचं एकच तत्त्वज्ञान : "वजीर गया ते मजा गई, भाऊ!" त्यामुळे वजीर दिसला की हा आपला वजीर घेऊन पळत सुटतो. तेवढ्या चालींत माझे घोडे, उंट आरामात बाहेर येतात.

इथवर ठीक होतं. पण मागच्या महिन्यात त्याच्या ऑफिसची स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत पठ्ठ्याकडे चक्क एक हत्ती जास्त होता. वजिरास वजीर देऊन मोकळं व्हायची संधीही आली. यानं नाही म्हटलं. मग समोरच्याच्या एकट्या वजिराने याच्या राजाला असं काही पळवलं, की शहावर शह, शहावर शह... आणि डाव बरोबरीत! अर्ध्या गुणाने ट्रॉफी गेली. दोन दिवस त्याने माझा फोन घेतला नाही.

म्हणून हा तीन प्रश्नांचा फंडा.

एक : पुढे कोण आहे? तुमच्याकडे मोहरी जास्त असतील तर वजीर द्या. दहाविरुद्ध नऊमध्ये फरक जाणवत नाही, एकविरुद्ध शून्यमध्ये लगेच जाणवतो. शिवाय वजीरच नसेल तर समोरच्याकडे गोंधळ घालायला उरतं काय? तुम्ही मागे असाल तर उलट. वजीर जपा, गोंधळ वाढवा.

दोन : राजा कुणाचा उघड्यावर आहे? तुमचा असेल तर अदलाबदल म्हणजे थेट टेन्शन-फ्री. २००० साली लंडनला व्लादिमीर क्रॅमनिकने हेच केलं. त्याच्या बर्लिन बचावात आठव्या चालीलाच वजीर पटाबाहेर जायचे. बदल्यात त्याच्या राजाचं कॅसलिंग जायचं, पण वजीरच नाही तर उघड्या राजाला छळणार कोण? गॅरी कास्पारोव्हला १५ डावांत एकही जिंकता आला नाही आणि जगज्जेतेपद गेलं. मात्र हल्ला तुमचा सुरू असेल, तर वजीर देणं म्हणजे इंटरव्ह्यू छान चाललेला असताना उठून निघणं!

तीन : उरलेला पट कुणाचा? कुणाची प्यादी एकमेकांना धरून आहेत, कुणाचे हत्ती मोकळ्या पट्टीवर आहेत, ते बघा. आणि आधी कोण मारतंय, तेही. तुम्ही मारलंत की समोरच्याचं मोहरं परत मारताना फुकटात चांगल्या घरावर येऊ शकतं. तसं होत असेल तर त्यालाच मारू द्या.

'वजीर गेले म्हणजे ड्रॉ' असं वाटत असेल, तर नोव्हेंबर २०१३ मधलं चेन्नई आठवा. आनंदविरुद्धच्या पाचव्या डावात मॅग्नस कार्लसनने १५ व्या चालीला वजीर मारला. पट शांत, थोडा कंटाळवाणाच. तरी तो दाबत राहिला आणि ५८ चालींत जिंकला. मजा वजिराबरोबर जात नाही, फक्त तिचा आवाज कमी होतो.

सो, पुढच्या वेळी समोर वजीर आला की पळू नका आणि लगेच मारूही नका. दहा सेकंद थांबा. दोन्ही वजीर मनातल्या मनात डब्यात टाका आणि उरलेला पट बघा. तो खेळायला आवडेल? मग बिनधास्त मारा. नाही आवडणार? मग वजीर जरूर ठेवा. फक्त भीतीपोटी नको, त्याला पुढे काहीतरी काम द्यायचंय म्हणून!