आरोग्य-कट्टा : अक्कलदाढ आणि रक्तातली साय



या वेळचा विषय आमच्या घरातूनच निघाला आहे. सौ.ची खालची अक्कलदाढ वर्षभर कुरबुर करीत होती. आडवी वाढलेली, अर्धी हिरडीखाली. "डिसेंबरात पुण्याला जाऊ तेव्हा काढून टाकू," हे आपल्यापैकी निम्म्या घरांत म्हटले जाते, तसे आमच्याकडेही म्हटले गेले. पण दाढेला विमानाच्या तिकिटाची तारीख कळत नाही. ऑक्टोबरात गाल सुजला आणि इथेच डब्लिनमध्ये डेंटिस्ट गाठावा लागला. त्याने एक्स-रे पाहून छोट्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला आणि जाता जाता विचारले, "तुमचेच थोडे रक्त काढून त्यातल्या प्लेटलेट खड्ड्यात ठेवू का? जखम चांगली भरते." पैसे अर्थात वेगळे.

घरी चर्चासत्र भरले. सासूबाई सांगलीहून आलेल्या आहेत. "दंडातून काढायचे आणि तोंडात भरायचे? आणि त्याचे पैसेही आपणच द्यायचे?" हा त्यांचा प्रश्न. तो अगदीच गैर नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे, पण पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केल्यामुळे रक्ताच्या नळ्या आणि सेंट्रिफ्यूज ही आमची रोजची भांडीकुंडी. तेव्हा जमेल तसे सांगतो.

प्लेटलेट हा शब्द डेंग्यूच्या कृपेने आपल्याकडे घरोघरी पोचला आहे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबात, साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. जखम झाली की त्या तिथे चिकटून गुठळी बांधायला घेतात, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या पोटात वाढीला चालना देणारी प्रथिनेही असतात, हे मात्र कमी लोकांना माहीत असते. गुठळी झाली की ती प्रथिने बाहेर पडतात आणि नव्या रक्तवाहिन्या, नवे मांस तयार करणाऱ्या पेशींना बोलावून घेतात.

तोंडाच्या शस्त्रक्रियेत याचा उपयोग करण्याची कल्पना गाजली ती अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स आणि सहकाऱ्यांच्या 1998 सालच्या निबंधामुळे. जबड्यात हाडाचे कलम करताना त्यांनी प्लेटलेट दाट केलेला प्लाझ्मा वापरला. त्या पद्धतीत रक्त गोठू नये म्हणून आधी औषध घालायचे, आणि मग ते गोठावे म्हणून थ्रॉम्बिन घालायचे. हे थ्रॉम्बिन बहुधा गाईच्या रक्तातले असे. 2001 मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रुन यांनी हा खटाटोपच काढून टाकला. साध्या नळीत रक्त घ्यायचे, काहीही न मिसळता लगेच दहा-बारा मिनिटे फिरवायचे. तळाशी लाल पेशी, वर फिकट पिवळे पाणी आणि मध्ये जेलीसारखा एक गोळा. दुधावरच्या सायीसारखा दिसतो. त्यात बऱ्याचशा प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. तो दाबून चपटा करायचा, खड्ड्यात ठेवायचा आणि वरून टाके. रक्त काढल्यावर रेंगाळून चालत नाही, नाहीतर ते नळीतच गोठते.

आपल्या शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावे. इम्प्लांट वगैरेसाठी हाड भरताना वापरतात ती पूड पुष्कळदा गाईच्या हाडापासून आणि वरचा पडदा डुकराच्या कोलॅजेनपासून केलेला असतो. कोणी आपण होऊन सांगत नाही, विचारले तर सांगतात. स्वतःच्या रक्ताच्या सायीत तो प्रश्न येत नाही. मात्र मोठ्या पोकळीत ती हाडाच्या पुडीची जागा घेईलच असे नाही.

आता मुद्द्याचे. दाढ काढल्यावर खड्ड्यात जी गुठळी आपोआप होते, तीही आपल्याच प्लेटलेटची, आणि ती फुकट असते. डेंटिस्ट देतो तो तिचाच दाट अवतार. त्याने काय साधते? 2020 साली कोक्रेन या संस्थेने खालच्या अक्कलदाढांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. खड्डा कोरडा पडण्याचे, म्हणजे ड्राय सॉकेटचे प्रमाण प्लेटलेटमुळे कमी होत असावे, पण पुरावा कच्चा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे थोतांड नव्हे आणि संजीवनीही नव्हे. ज्याची दाढ सरळ आहे, जो तब्येतीने ठणठणीत आहे आणि सिगरेट ओढत नाही, त्याने यावर जादा पैसे घातलेच पाहिजेत असे आम्हाला वाटत नाही.

ड्राय सॉकेटवर मात्र आम्ही अधिकाराने बोलू शकतो. काही वर्षांपूर्वी सुट्टीत गावी आम्ही दाढ काढून घेतली. संध्याकाळी आईने मायेने कडकडीत मीठपाणी आणून दिले आणि आम्ही खळखळून चुळा भरल्या, एकदा नव्हे, चारदा. गुठळी गेली वाहून. तिसऱ्या दिवशी परतीचे विमान. कानापर्यंत जाणारी ती कळ, उघडे पडलेले हाड, तोंडाला वास, आणि दुबईच्या विमानतळावर पेनकिलर शोधत फिरणारे आम्ही. मीठपाणी चांगलेच, पण पहिले चोवीस तास नाही. त्या काळात जोरात थुंकू नये, स्ट्रॉने पिऊ नये आणि सिगरेटला तर हातच लावू नये. आणि गावी दाढ काढायचीच असेल तर सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात काढा.

दुसरी गोष्ट सासूबाईंमुळे कळली. त्यांनाही एक दात काढायचा आहे. फॉर्म भरताना त्या ॲस्पिरिन आणि आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी सांगायच्याच नाहीत. "दाताचा आणि हाडाचा काय संबंध?" संबंध आहे. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात त्या काही औषधांमुळे क्वचित दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून येत नाही. कर्करोगात शिरेतून देतात त्या मोठ्या डोसमध्ये हा धोका बराच जास्त, आठवड्याच्या गोळीत कमी. 2003 साली याकडे लक्ष वेधणाऱ्यांतही वर उल्लेख केलेले मार्क्सच होते. आईवडील भारतातून येतात तेव्हा औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर आणायला सांगा. सहा महिन्यांनी घ्यायचे हाडांचे इंजेक्शन असेल तर तेही सांगा. मात्र यातले कुठलेही औषध, ॲस्पिरिनसुद्धा, आपल्या मनाने बंद करू नका.

पैशांचे थोडक्यात. अडकलेली अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढली तर खर्चावर 20 टक्के करसवलत मिळते. डेंटिस्टकडून मेड-2 फॉर्म भरून घ्या. साधी दाढ उपटणे त्यात बसत नाही. मागच्या चार वर्षांपर्यंतचा दावा करता येतो.

सौ.ने शेवटी ती साय बसवून घेतली. दाढ आडवी होती आणि आमची विमानतळावरची अवस्था तिने पाहिली होती. दहाव्या दिवशी ती भाकरी खात होती. याचे श्रेय प्लेटलेटचे की पहिल्या दिवशी सासूबाईंच्या हातून काढून घेतलेल्या मीठपाण्याच्या तांब्याचे, यावर घरात अजून वाद चालू आहे. सासूबाईंचा नंबर पुढच्या मंगळवारी आहे. औषधांची यादी आम्ही मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवली आहे.