खड्डे त्यांचे, शॉकअप आपले

आमच्या गाडीने जूनमध्ये बोलायला सुरुवात केली. आधी नुसतं ‘टक’, मग ‘टक-टक’, आणि मानपाडा सर्कल ते काटई नाका या पट्ट्यात तर अख्खं ढोलपथक. २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. सकाळी आईला महापेला सोडायचं आणि तसंच पुढे कॉलेजला, हा माझा रोजचा डोंबिवली-शिळफाटा दौरा. आवाज आला की मी गाण्यांचा व्हॉल्यूम वाढवायचो. हा उपाय आपल्यातले किती जण करतात ते मला माहितीये, म्हणून हे लिहितोय.

व्हॉल्यूम वाढवणं थांबलं ते एका पावसाळी सकाळी. पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, मीही मारला. गाडीचं नाक खाली गेलं आणि खडबडीत रस्त्यावर ती थांबायच्या ऐवजी उसळ्या घेत पुढे सरकत राहिली. टेम्पोच्या आणि आमच्यात वीतभर अंतर उरलं. आई काहीच बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

शॉकअप म्हणजे आरामाची गोष्ट, पाठ दुखू नये म्हणून असतात, असं मलाही वाटायचं. तसं नाहीए. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग, आणि स्प्रिंगला एकदा दाबलं की ती उड्या मारतच राहते. तिची ही खोड मोडायचं काम शॉकअपचं. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उडीचा जोर तिथेच जिरतो. सील फाटून तेल गळालं की जोर जिरत नाही, खड्ड्यानंतर टायर क्षणभर रस्ता सोडतो. हवेत असलेल्या टायरला ब्रेक लागून काय उपयोग? एबीएस असलं तरी टायर रस्त्यावर टेकलेला लागतोच.

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी पाच मिनिटं बघितली आणि २६ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. चारही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, शिवाय ‘स्टीअरिंगचं काम पण निघेल’. बाबांचा चेहरा बघून मी म्हटलं, राहू दे, चालतीये ना. आणि माझं मत असं की, खरा धोका इथेच आहे. ‘सगळं बदला’ ऐकलं की आपण ‘काहीच नको’ला येतो. मधला रस्ता कोणी सांगत नाही.

तो मला कल्याणच्या एका जुन्या मेकॅनिक काकांनी सांगितला. गाडी लिफ्टवर घेतली, माझ्या हातात टॉर्च दिला आणि म्हणाले, ‘तूच बघ.’ पुढचा डावा स्ट्रट तेलाने ओला, त्यावर धुळीचा चिखल. बरोबर आहे, पाणी साचतं रस्त्याच्या कडेला आणि खड्डेही तिथेच. उजवा कोरडा होता, पण ढिला. ‘टक-टक’ मात्र शॉकअपचं नव्हतंच! ते होतं लिंक रॉडचं, म्हणजे बोटभर जाडीच्या दांडीचं, जिची किंमत शॉकअपच्या पाव हिश्शाच्या आसपास. पहार लावून लोअर आर्म हलवून बघितले, बुश शाबूत. मागचे शॉकअप म्हातारे, पण गळती नाही. स्टीअरिंगला काही झालेलं नव्हतं.

बिल असं: पुढचे दोन शॉकअप ४,२००, दोन लिंक रॉड ९००, वरचे रबरी माउंट १,२००, मजुरी १,५००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ६००. एकूण ८,४००. यातले तीन हजार माझ्या ट्यूशनच्या कमाईतले, हे आवर्जून लिहितो, कारण घरी ते सारखं सांगायला बंदी आहे.

फक्त ओला झालेला डावाच का नाही बदलला? मीही विचारलं. एका बाजूला नवा कडक आणि दुसरीकडे ढिला, मग वळणावर आणि ब्रेक मारताना दोन बाजू वेगवेगळ्या वागणार. म्हणून एका एक्सलवरची जोडी एकदम. माउंट बाराशेचे, पण स्ट्रट उतरवल्यावरच निघतात. पुढे ते वाजले तर मजुरी पुन्हा द्यावी लागली असती. आणि अलाइनमेंटचे पैसे वाचवायला गेलात तर नवे टायर तिरके घासून खाल.

काटकसर कुठे करायची नाही, यावरही माझं ठाम मत झालंय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने शॉकअप निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, मित्र घेऊन पण आला. भंगारातल्या गाडीचा दरवाजा घ्या, आरसा घ्या. शॉकअप नको, तो किती झिजलाय ते बाहेरून दिसत नाही. तेल भरून ‘रिपेअर’ केलेलेही नकोत. स्प्रिंगमध्ये अडकवायचे रबरी बफर गाडी उंच करतात, गळका शॉकअप बरा करत नाहीत. त्यापेक्षा कंपनीच्या डब्याऐवजी चांगल्या ब्रँडचा माल घ्या, बिल आणि वॉरंटीसकट. गॅब्रिएल तर आपल्या शेजारचीच, १९६१ मध्ये मुलुंडला सुरू झालेली. आणि यूट्यूब बघून स्ट्रट घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

आता मुद्दा पैशांचा नाही असं म्हणणार होतो, पण आहेच. इतकी जुनी गाडी म्हणजे झीज होणारच, मान्य. पण घोडबंदर रोडला, कल्याण-शीळला, डोंबिवलीच्या गल्लीबोळांत खड्डा बुजवायला पेव्हर ब्लॉक टाकतात आणि आठवड्यात ते ब्लॉक वर येऊन खड्ड्याला धार काढतात, ती झीज माझी कशी? इन्शुरन्सवाले ‘वेअर अँड टेअर’ म्हणून हात वर करतात. म्हणजे रोड टॅक्स भरायचा, वर ८,४०० चा खड्डा टॅक्स.

अर्थात चारचाकीवाल्याने फार रडू नये. २०१८ च्या पावसाळ्यात एकट्या कल्याणमध्ये खड्ड्यांनी पाच जीव घेतल्याच्या बातम्या होत्या. त्यातल्या शिवाजी चौकातल्या अपघाताचं सीसीटीव्ही फुटेज आपण सगळ्यांनी बघितलं. बाइकवरून पडलेल्या माणसाकडे बदलायला जोडी नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई देण्याचा आदेश दिला. चांगलंच झालं. पण ही भरपाई मिळते ती माणूस पडल्यावर. माझा ढिला शॉकअप ज्या बाइकवाल्याला धडकला असता, त्याच्यासाठी तो खड्डा नसता, मी असतो. म्हणून ‘आधी रस्ते नीट करा, मग गाडी नीट करतो’ हे वाक्य मी बोलायचं बंद केलंय. तक्रार वेगळी, गॅरेज वेगळं, आणि दोन्ही करायचं.

तुमची गाडी असेल तर या रविवारी एवढं करा. पुढच्या चाकामागे टॉर्च मारून ओलं दिसतंय का बघा. टायरवर हात फिरवा, उंचसखल लागतंय का. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा, एकदा वर येऊन गाडी थांबायला हवी. या शेवटच्या टेस्टवर एकटीवर विसंबू नका, कारण आमची गाडी त्यात पास झाली होती.

मागची जोडी दिवाळीनंतर. ती काढली की बीम बुशही बघून घेऊ असं काका म्हणालेत, आणि मी आतापासूनच ट्यूशनची अजून एक बॅच शोधतोय.