पंपांच्या पॅनेलांतील लहान ट्रान्सफॉर्मर

उपसा जलसिंचन संस्थेच्या वार्षिक सभेंत मोटार जळल्याचा विषय निघाला नाहीं, असें वर्ष विरळाच. सभासद वाइंडरास दोष देतात, वाइंडर वीजपुरवठ्यास देतो, आणि रिवाइंडिंगचा खर्च अखेर पाणीपट्टीवर बसतो. तोंवर उसाची एक पाळी चुकलेली असते. आमचें मत असें कीं, कित्येकदां खरा अपराधी पॅनेलाच्या तळाशीं बसविलेला एक लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो; आणि त्याहूनही अधिक दोष त्याचें माप ठरविणाराचा असतो.

मोटारीचा प्रवाह जोडण्यातोडण्याचें काम काँटॅक्टर करतो, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्याच्या कॉइलला वीज मिळाली कीं गाभा खेचला जातो व तिन्ही फेज जुळतात. मोठ्या योजनेंत कॉइलसाठीं ४१५ व्होल्टांचे ११० व्होल्ट करून देणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर पुष्कळदां असतो. त्याची शक्ति व्होल्ट-अँपियरांत मोजतात. गोम अशी कीं, रुतलेली गाडी हलविण्यास बैलांस लागणारें बळ आणि चालत्या गाडीस लागणारें बळ हीं जशीं सारखीं नसतात, तसेंच येथेंही आहे. पंचवीस-तीस अँपियरांच्या सामान्य काँटॅक्टरास खेचतांना सुमारें ७० व्होल्ट-अँपियर लागतात. एकदां मिटल्यावर धरून ठेवण्यास ७ पुरतात.

पांच पंपांची योजना घ्या. प्रत्येकास स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे पंप चालू असतां दोन काँटॅक्टर मिटलेले. दहा काँटॅक्टरांचे सत्तर, दिवे व टायमर यांचे तीस, मिळून शंभर झाले. एवढाच हिशेब करून कंत्राटदार १०० व्होल्ट-अँपियरांचा ट्रान्सफॉर्मर बसवितो, आणि चांचणीच्या दिवशीं एकेक पंप सावकाश सुरू करून दाखवितो. सर्व सुरळीत चालतें, हारतुरे होतात. पण आटो-स्विच लावलेल्या योजनेंत रात्रीं दोन वाजतां वीज परत येते, तेव्हां तेथें माणूस नसतो. पांचही पंप एकदम उठूं पाहतात. स्टारचे पांच काँटॅक्टर मिटून मुख्य पांच खेचले जात असतां त्यांचे ३५०, मिटलेल्यांचे ३५ व इतर ३०, असे ४१५ व्होल्ट-अँपियर त्या क्षणीं लागतात. शंभराच्या जागीं चारशें!

काँटॅक्टर ठरीव व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांवरही मिटला पाहिजे, असें आयएस/आयईसी ६०९४७-४-१ हें मानक सांगतें. त्याखालीं हमी नाहीं. आतां लाइनीवर ४१५ ऐवजीं ३७४ व्होल्ट मिळाले, तर दहा टक्के तेथेंच गेले. उरलेल्या पांचांत ट्रान्सफॉर्मरची घट, तारांची घट आणि पंप उठतांना लाइनीला बसणारा झटका, हें सर्व मावावयाचें! तें मावत नाहीं. काँटॅक्टर अर्धवट खेचला जातो, सुटतो, पुन्हां खेचला जातो. तो खडखडाट ज्यांनीं ऐकला आहे त्यांस वर्णन नको. प्रत्येक खेपेस मोटारीचा आरंभींचा जबर प्रवाह त्याच्या पॉइंटांवर ठिणग्या पाडतो. एक पॉइंट चिकटला व दुसरा जळून गेला कीं मोटार दोन फेजवर घुमत बसते. न मिटलेली कॉइल तर खेचण्याचाच प्रवाह घेत राहून स्वतः जळते.

यावर कोणी म्हणेल, हजाराचा ट्रान्सफॉर्मर घालून मोकळे व्हा. हें आम्हांस पटत नाहीं. फार मोठा ट्रान्सफॉर्मर वीज येतांच स्वतःच मोठा झटका घेतो व त्याचे फ्यूज उडूं लागतात. त्यापेक्षां प्रत्येक पंपाच्या आटो-स्विचास पंधरा-वीस सेकंदांच्या अंतरानें टायमर द्यावा. मग सर्वांत कठीण क्षणीं चार पंपांचे ५६, पांचव्याचे ७७ व इतर ३०, म्हणजे १६३ च लागतात, आणि लाइनही एकदम खचत नाहीं. टायमर बिघडण्याचें भय धरून आम्ही तरी ट्रान्सफॉर्मर ४१५ चा क्षणिक भार सोसणाराच घेऊं. उत्पादकांच्या तक्त्यांत तो आंकडा पाहावयास मिळतो.

अलीकडे २४ व्होल्टांच्या डीसी पुरवठ्याचा आग्रह होतो. कमी व्होल्टेजवर तो चांगला टिकतो हें खरें. परंतु लांब तारेवर तो फसतो. टांकीच्या फ्लोटपर्यंत ३०० मीटर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली, तर जाऊन-येऊन सुमारें सात ओहम विरोध होतो. एक अँपियर नेल्यास चोवीसांतले सात व्होल्ट वाटेंतच संपतात. अशा तारेवर फक्त एक लहान रिले ठेवावा. कॉइलची वीज तिच्यांतून नेऊं नये.

संचालक मंडळांनीं निविदेंतच दोन आंकडे मागावे, धरून ठेवण्याची बेरीज व खेचण्याची बेरीज. काम झाल्यावर, लाइन दुबळी असेल अशा वेळीं, सर्व आटो-स्विच लावून मुख्य स्विच बंद करून पुन्हां चालू करावा, आणि पंप उठत असतां सर्वांत दूरच्या कॉइलवर व्होल्टमीटर धरावा. कांटा ९४ व्होल्टांखालीं गेला, तर कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता राखून ठेवावा.