पूर्वपुण्याईचे भांडवल

प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. पुढे १९७१, १९९३ व २०१४ या तिन्ही अंतिम सामन्यांत पराभवच पदरी आला. शेजारच्या मुंबईने मात्र २०२४ साली ४२ व्यांदा हा करंडक पटकावला. मुंबईच्या वेशीवरील पनवेलच्या रसिकाला विजेत्याचा जयघोष करणे सोपे. तरीही आमचे मन महाराष्ट्राकडेच ओढ घेते. परंतु निष्ठेने सामने जिंकता येत नाहीत. भाऊसाहेब निंबाळकरांच्या १९४८ मधील नाबाद ४४३ धावांच्या स्मरणरंजनापेक्षा जिल्ह्याजिल्ह्यांत मैदाने, खेळपट्ट्या व प्रशिक्षक यांची तरतूद अधिक निकडीची आहे. भांडवलात भर न घालता केवळ व्याजावर किती काळ जगणार?