रक्षेची दोरी

सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा बालाघाटजवळून वाहत पुढे महाराष्ट्रात उतरते. याच नदीत, गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, जानेवारी २०२४ मध्ये होडी उलटून मिरची तोडणीस निघालेल्या मजूर स्त्रियांना जलसमाधी मिळाली. समुद्रकाठच्या आम्हांस ही वार्ता दूरची वाटेल. परंतु पाणी नदीचे असो वा खाडीचे, निष्काळजीपणास ते क्षमा करीत नाही.

होडीच्या मागे इंजिन बसविले की ती सुरक्षित झाली, असा एक भ्रम आहे. वस्तुतः इंजिनाने वेग वाढतो, तसाच मागचा भारही वाढतो. तेथेच आणखी चार माणसे बसविली, तर नाळ वर उचलली जाते व मागून पाणी आत शिरते. चालकाच्या मनगटास बांधावयाची दोरी तो पाण्यात पडताच इंजिन बंद पाडते; ती नुसती इंजिनावर लोंबकळत ठेवली, तर फिरता पंखा त्याच्याच जिवावर उठतो. खाऱ्या पाण्यातून परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुतले नाही, तर आतील पाण्याच्या वाटा क्षाराने तुंबतात आणि ऐन ओढीत ते दगा देते.

२०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक नौकांची नोंदणी व तपासणी आवश्यक ठरविली आहे. तिची अंमलबजावणी शासनाने करावी. जीवरक्षक जाकिटे व वल्ही घेतल्यावाचून धक्का न सोडणे मात्र आपल्याच हाती आहे. नारळी पौर्णिमेस आपण दर्याला नारळ अर्पण करतो आणि त्याच दिवशी मनगटास राखी बांधून घेतो. इंजिनाची ती दोरीही रक्षेचीच आहे. ती वर्षभर बांधली पाहिजे.